तुझी राहिलेली तारीख

प्रिय भाऊ,

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली! लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मी पानंच्या पानं भरून लिहायचे, आणि तुझं उत्तर यायचं एका ओळीचं. 'पत्र पोचले. आखाजीला घ्यायला येतो.' पुढे घरोघरी फोन आले आणि तेवढी एक ओळही बंद पडली. आज पुन्हा लिहायला बसले, कारण परवा आखाजी आहे, कॅलेंडरवाल्यांची अक्षय तृतीया. तू गेल्यानंतरची पहिली. घरी तुझ्या नावाची घागर भरायची आहे आणि मी गावी येणार नाही. हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको, म्हणून लिहिते.

वैशाखातली दुपार आहे. ऊन असं, की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती गरम हवा फेकतोय. उठून बादलीभर पाणी ओतायचं एवढंच काम, पण उठवत नाही रे. हे आतल्या खोलीत झोपलेत. त्यांना हाक मारली तर येतील गुडघे धरत धरत, म्हणून मारत नाही. चार ओळी लिहिल्या की मी थांबते, डोकं टेबलावर टेकवते, मग पुन्हा लिहिते. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

मला या थकव्याचा फार कंटाळा आलाय. लोक विचारतात, काय होतंय? सांगायला हातात काही नसतं. ताप नाही, कुठे सूज नाही, जखम नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात, असं सांगितलं की माणसं मान डोलावतात आणि म्हणतात, जरा फिरायला जात जा! फिरायला! मी पोळी लाटताना दोनदा बसते. तुला मात्र हे कधी समजावून सांगावं लागलं नाही. तुझंही तेच होतं.

आधी मला झालं, मग दोन-तीन वर्षांनी तुला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, कधीकधी हे घराण्यात असतं. त्यावर तू गंभीर चेहरा करून म्हणालास, "बापनी वावर मले एकलाले दिधं, नि हाई दुखनं मात्र दोन्हीसले सारखं वाटी दिधं." डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती म्हणून बरं, नाहीतर मलाच लाज वाटली असती. मग तो आपला खेळच होऊन बसला. भेटलो की पाणी विचारायच्या आधी एकमेकांचं मनगट धरायचं. "सुमी, तुनी बैलगाडी अजून खड्डामाच चाली ऱ्हायनी वं!" आणि तुझी? तुझी तरी कुठे डांबरी रस्त्यावर होती!

गोळ्या झाल्या. मग छातीवर विजेचा झटका देऊन लय जागेवर आणायचा प्रयोग झाला, तुझ्यावरही आणि माझ्यावरही. दोघांचीही गाडी थोडे दिवस सरळ चालली आणि पुन्हा खड्ड्यात. तेव्हा तुला मुंबईला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, इतकं जुनं झालेलं दुखणं एकाच बाजूने गेलं की पुष्कळदा परत येतं. म्हणून हे काम दोघांनी मिळून करायचं. आधी सर्जन बरगड्यांच्या मधून बारीक छेद घेऊन हृदयाच्या बाहेरच्या बाजूने डाग देणार, म्हणजे भरकटलेली वीज अडेल. मग काही आठवडे ते सगळं मुरू द्यायचं. नंतर दुसरे डॉक्टर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात नेणार, आतून तपासणार, आणि जिथे कुठे वाट उघडी राहिली असेल तिथे आतून डाग देऊन ती बंद करणार.

तुझ्या शेजारी मी बसले होते. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. तुझा किशोर मोबाईलवर काहीतरी शोधत होता. आणि तू लगेच म्हणालास, "म्हंजे साहेब, बाहेरथून बांध तुमी घालसात, नि आतमाथून पानी कोठे झिरपस ते ह्या दुसरा साहेब देखतीन." सर्जन हसले. म्हणाले, काका, यापेक्षा सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं.

तूच सांग भाऊ, तुला कळलं नव्हतं असं मी कसं म्हणू? ठिबक यायच्या आधी केळीला पाणी सोडलं की तू पाण्याच्या मागे मागे अनवाणी बांधावरून चालत जायचास. उंदराने भोक केलंय का, कुठे माती ओली दिसतेय का, वाकून वाकून बघायचास. आई जेवायला हाका मारून थकायची, तुझं एकच उत्तर, "बांध घालीसन काय उपेग, पाणी राही का नही ते तं देखू दे." तोच तू! स्वतःचा बांध मात्र बघायला गेला नाहीस.

पहिलं अर्धं तू झोकात पार पाडलंस, हे मान्य. फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून फुंकायला ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं देतात ना, त्यात तुझ्या तीनही गोळ्या पहिल्याच आठवड्यात वर चढल्या आणि तू अख्ख्या वॉर्डला बोलावून दाखवलंस. घरी आलास तर चेहऱ्यावर तुकतुकी. वहिनी फोनवर म्हणाली, "बाई, हाऊ माणूस तं नवा व्हई गया!" मला इतका आनंद झाला! मग थोडा हेवाही वाटला. माझी बैलगाडी होती तिथेच होती.

आणि मग आखाजी आली.

मागच्या वर्षीचा तुझा तो अवतार डोळ्यांपुढून हलत नाही. पांढरा सदरा, टोपी, काखेत पिशवी, पिशवीत केळी आणि बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या. चोपड्याहून अमळनेर, अमळनेरहून धुळे, दोन एसट्या बदलून सत्तरीचा म्हातारा पासष्टीच्या बहिणीला माहेरी न्यायला आला होता! मी दर वर्षी म्हणायचे, अरे, मला अर्ध्या तिकिटात एसटी आहे, माझी मी येते. पण छे. न्यायला मुऱ्हाळी आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, हा तुझा कायदा. आबांनी तुला मिसरूड फुटायच्या आधी मुऱ्हाळी करून पाठवलं होतं, तेव्हापासून तू एकही आखाजी सोडली नाहीस. किशोरला पाठव म्हटलं की तुझा चेहरा पडायचा. "तो त्यानी बहीणले लई ना. मनी बहीणले मीच लेवाले येसू."

तू आमचे दोन जिने एका दमात चढून आलास. दारात उभा राहिलास आणि चप्पल काढायच्या आधी हात पुढे केलास. "देख, नाडी देख! कशी घड्याळसारखी चालस!" मी बघितली. खरंच एकसारखी चालत होती. मी विचारलं, "भाऊ, मग दुसरं कधी? त्या दुसऱ्या डॉक्टरांचं?" तू टोपी काढून खुंटीला लावलीस आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालास, "त्या म्हनेत, सांगसूत."

सांगसूत! म्हणे ते कळवतील! किती सहज बोललास रे!

एसटीत तू मला खिडकी दिलीस. अमळनेरच्या स्टँडवर उसाचा रस पाजलास. घरी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता, त्यावर सुना-नातींबरोबर मलाही बसवलंस आणि स्वतः दोर धरून झोके दिलेस. मला धाप लागली तेव्हा तू हसत होतास. तुझी लय लागली होती आणि माझी बिघडलेलीच होती, तरी त्या दिवशी मला वाटलं, आपलं आता सगळं ठीक होणार.

तुझी तारीख आखाजीच्या आदल्याच दिवशी होती, हे मला कधी कळलं ठाऊक आहे? या वर्षी. माघात माझं पहिलं अर्धं झालं, त्याच दवाखान्यात, त्याच सर्जनच्या हातून. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी वॉर्डातल्या सिस्टरना काहीतरी बोलले, माझे हेल ऐकून त्या थबकल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्ही जळगावकडच्या का? मागच्या वर्षी आमच्याकडे एक काका होते, केळीवाले. अख्खा घड आणून ठेवला होता, सगळ्या स्टाफला वाटला." मी म्हटलं, माझे भाऊ ते. त्यांचा चेहरा असा खुलला! म्हणाल्या, "मी त्यांना दुसऱ्या प्रोसिजरची तारीख कळवायला फोन केला होता. तर म्हणाले, त्या दिवशी जमणार नाही, दुसऱ्या दिवशी आखाजी आहे, बहिणीला आणायला जायचंय. मी विचारलं, आखाजी म्हणजे काय? तर मला सगळं समजावत बसले. अक्षय तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, आणि घरातली गेलेली माणसं पाणी प्यायला घरी येतात, त्यांच्यासाठी नवी घागर भरून ठेवायची असते. मला फार आवडलं ते ऐकायला." आणि मग हसत हसत विचारलं, "झाली का हो त्यांची आखाजी? परत आलेच नाहीत ते."

मी काय सांगायचं, भाऊ? बरगड्यांवर टाके, श्वास घेतला की कळ यायची, रडताही येईना. त्यांना कळलं. त्यांनी माझी चादर उगाचच नीट केली आणि गेल्या.

माझ्यासाठी तारीख चुकवलीस. बरं, चुकवलीस तर चुकवलीस, मला सांगायचं तरी! मी तुला कान धरून गाडीत घातलं असतं. आखाजी काय, दर वर्षी येते. तुला वाटलं असेल, नाडी तर चालतेय, घाई कशाला. पण मग आखाजी झाल्यावर का नाही गेलास? तेव्हा लागवड निघाली. मग पोळा. मग केळीचा ट्रक दारात उभा, आत्ता कसं जाऊ. मग दिवाळी होऊ दे. रक्त पातळ ठेवायची गोळी तरी नेमाने घ्यायचीस! तर केळी कापायच्या दिवशी तीही नाही, कारण विळा लागला की रक्त थांबत नाही. वहिनीने हे सगळं नंतर सांगितलं. मला फोनवर तू सांगायचास फक्त घड किती भरले ते.

श्रावणात तुझा आवाज बदलला होता. बोलता बोलता मध्येच थांबायचास. मी विचारलं, पुन्हा सुरू झालं का रे? म्हणालास, "नही वं, वावरमातीन चालत उनू म्हनीसन." मी फोन ठेवला. आम्हा थकलेल्यांना थकलेल्याचा आवाज ओळखता येतो. मी त्यानंतर प्रत्येक फोनला विचारलं, आणि प्रत्येक वेळी तू वावरातूनच चालत आलेला होतास.

दिवाळीनंतर तू बागेतच पडलास. सकाळची वेळ, बांधावर. उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. रक्ताची गाठ मेंदूत गेली होती. जळगावच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तू डोळे उघडे ठेवून पडला होतास. अख्ख्या वॉर्डला हसवणारा माणूस, आणि तोंडातून एक अक्षर नाही! मी जवळ बसले. तू डाव्या हाताने चाचपडत माझं मनगट शोधलंस आणि दोन बोटं नाडीवर ठेवलीस. माझी नेहमीप्रमाणे वाकडीतिकडी चालत होती. तुझ्या डोळ्यांच्या कडेला थोडं हसू आलं असं मला वाटलं. वहिनी म्हणते, भास असेल. असू दे भास.

तुझं दिवसकार्य आटोपलं आणि मी धुळ्याच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, दुसरं अर्धं झालं असतं तर माझा भाऊ वाचला असता का? ते म्हणाले, तसं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण शक्यता नक्की वाढली असती. मला हे उत्तर आवडलं नाही. हो म्हणाले असते तर तुझ्यावर मनसोक्त चिडता आलं असतं. नाही म्हणाले असते तर गप्प बसता आलं असतं. आता धड चिडताही येत नाही आणि धड गप्पही बसवत नाही. हे असं टांगून ठेवणं तुझ्या स्वभावात नव्हतं.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, आता तुमचं काय करायचं? मी म्हटलं, करू या. शूर वगैरे झाले नव्हते. थकले होते, एवढंच.

माझं पहिलं अर्धं तुझ्यासारखं झोकात नाही झालं. तीन गोळ्यांपैकी एकच कशीबशी वर जायची आणि दुसरी नुसती डुगडुगायची. घरी आल्यावर काही दिवस लय लागली. सकाळी उठून कणीक मळली, कपडे वाळत घातले, आणि लक्षात आलं की आपण मध्ये कुठे बसलोच नाही! हे म्हणाले, आज स्वारी खुशीत दिसते. आणि मग एका दुपारी, अशाच उन्हात, छातीत पुन्हा ती चिमणी फडफडायला लागली. मी खुर्चीत बसून रडले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मधल्या काळात असं होऊ शकतं, बाहेरून घातलेल्या रेघांमध्ये कुठे फट राहिली असेल, ती बघायला तर दुसरं करायचं आहे. मला कळलं. तुझ्यामुळे कळलं. पण कळलं म्हणून अंगात बळ येत नाही ना, भाऊ. पुन्हा तो प्रवास, पुन्हा ती हिरवी चादर, पुन्हा उपाशी राहा, पुन्हा सह्या. मला नकोसं झालं होतं सगळं.

मागच्या आठवड्यात त्याच सिस्टरचा फोन आला. तारीख सांगितली. भाऊ, तारीख निघाली नेमकी आखाजीची! आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "अहो, त्या दिवशी आखाजी आहे. भावाची पहिली घागर आहे. नंतरची तारीख चालेल का?"

त्यांनीही ओळखलं असावं. हळूच म्हणाल्या, "चालेल आजी, पुढची बघते. पण डॉक्टर पंधरा दिवस बाहेरगावी आहेत." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र मला माझाच आवाज ऐकू आला. पुढे पाऊस येईल. मग यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन काढतील. मग गणपती, मग दिवाळी. मला सगळी कारणं आत्ताच दिसायला लागली, तुझ्या वेळी एकामागून एक उभी राहिली तशी. आणि खरं सांगू? मला बरंही वाटत होतं. सुटले वाटत होतं. तुलाही असंच सुटल्यासारखं वाटलं होतं का रे, टोपी खुंटीला लावताना?

मी वहिनीला फोन केला. घागरीला येते म्हणून सांगायला. तारीख पुढे ढकलली हेही सांगितलं, आपलं सहज. ती म्हणाली, "बाई, तुमना घरनास्ले बठ्ठं अर्धंच टाकानी सवय शे का?"

मी म्हटलं, "वहिनी, भाऊची पहिली घागर आहे. मी नसले तर त्याला कसं वाटेल?"

"त्यासले काय वाटी ते मी देखी लेसू. एक माणूस मना अर्धामाच उठी गया. आते तू अर्धामा ऱ्हावू नको. परत फोन लाव, नि तीच तारीख मांगी ले. किशोर येस तुले लेवाले, मुऱ्हाळी म्हनीसन."

"अगं, पण किशोर इकडे आला तर घागर कोण भरणार? पहिली घागर मुलाच्या हातची असते."

"मना पोऱ्या शे तो. घागर कोठे भरानी ते मी त्याले सांगसू."

तुझी बायको इतकी वर्षं तुझ्यापुढे ब्र काढत नव्हती, असं आपण समजत होतो ना? मला तर त्या दिवशी तिची भीतीच वाटली. मी मुकाट्याने पुन्हा फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "आजी, मी ती तारीख अजून कोणाला दिलीच नव्हती."

आज सकाळी किशोर आला. मी दार उघडलं आणि क्षणभर वाटलं, तूच आलास. पांढरा सदरा घालून आला होता, टोपी तेवढी नव्हती. "फुई, चाल, मी मुऱ्हाळी उनू," म्हणाला आणि तुझ्यासारखंच हसला. मग म्हणाला, "गाडीतून एक सामान वर आणू का, का खालीच राहू दे?" मी म्हटलं, आण. तर काय आणलं असेल? नवी कोरी मातीची घागर! चोपड्याच्या बाजारातून वहिनीने स्वतः वाजवून घेतलेली. मागच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावून आणली होती, पोरीला बसवावं तशी. बरोबर वर ठेवायला डांगर, मुंबईकर खरबूज म्हणतात ते, आणि डब्यात सांजोऱ्या. वहिनीचा निरोप असा की, दवाखान्याजवळ जी खोली घ्याल तिथे खिडकीत मूठभर गव्हावर घागर ठेवायची, किशोरने भरायची, आणि फुईला आत नेतील तेव्हा तुझं नाव घेऊन पाणी सोडायचं.

आता किशोर बाहेरच्या खोलीत झोपलाय. घागर माझ्यासमोर टेबलाखाली आहे. तिला पाय लागेल म्हणून मी पाय वर घेऊन बसले आहे. उद्या सकाळी निघायचं. भीती वाटतेय हे तुझ्यापासून काय लपवायचं! नळी आत जाईल, आतून फटी शोधतील, सापडतील, नाही सापडणार. डॉक्टर म्हणतात, यानंतरही पुन्हा होणारच नाही अशी हमी नाही. हमी मागायची ताकदही आता माझ्यात नाही. पण हा बांध मी आतून बघून घेणार आहे. त्यासाठी जेवढं चालावं लागेल तेवढं चालेन, मध्ये बसत बसत का होईना.

तुला शब्द देते, भाऊ. परवाची तारीख मी चुकवणार नाही. आणि जगले-वाचले तर पुढच्या आखाजीला तुझी घागर आपल्या अंगणात भरताना मी तिथे असेन. मुऱ्हाळी आला तर त्याच्याबरोबर, नाही आला तर एसटीने, अर्ध्या तिकिटात.

या वर्षीचं मात्र ऐक. इतकी वर्षं तू मला घ्यायला आलास, आता मी तुला बोलावणं धाडते. वहिनी घरी चुलीत तुझ्या नावाचा घास टाकेल, तो खा. आमरस खा, सगळं खा, तिला बरं वाटेल. पण पाणी प्यायला घरी थांबू नकोस. मुंबईचं पाणी तुला आवडायचं नाही, एक दिवस चालवून घे. वॉर्डाचा रस्ता तुला माहीत आहे, सिस्टर त्याच आहेत, आणि दुसरे साहेब आत वाट बघताहेत. तुझी तिथली तारीख राहिली आहे. एक आखाजी उशीर झाला तर झाला, ये.

घागर सांभाळत बसलेली,
तुझी सुमी